बारा काळांची वही

दुसऱ्याचं एखादं चांगलं वाक्य ऐकून तुमच्या पोटात दुखलंय का कधी? खरं सांगा. शेजाऱ्याच्या गाडीवर, जावेच्या साडीवर, भावाच्या नोकरीवर जळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी जळले ती एका वाक्यावर, आणि तेही इंग्रजी व्याकरणाच्या वहीतल्या.

आमचं घर नांदेडचं. बाबा एसटीत कंडक्टर, नांदेड-लातूर गाडीवर. ड्युटी नसली की ते पत्रकं वाटत. वस्तीला पाणी द्या, शाळा बंद करू नका, जयंतीला डीजे नको, असली पत्रकं. पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात उरलेले गठ्ठे पडलेले असत. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ छापलेली असे : वाचून झाल्यावर फेकू नका, दुसऱ्याच्या हातात द्या. मी अक्षरओळख त्यांच्यावरच शिकले. इतरांना लहानपणी गोष्टी सांगतात, मला मागण्या सांगितल्या गेल्या. दहावीत जाईपर्यंत बाबांच्या पत्रकांचे कच्चे मसुदे मीच लिहायला लागले होते. बाबा ते वाचायचे, दोन शब्द खोडायचे आणि म्हणायचे, "बरं हाय. शुद्धलेखन बघ." याहून जास्त कधी नाही.

दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात आत्याची मुलगी आमच्याकडं राहायला आली. आत्याचं गाव अहमदपूरपासून जवळ. आम्ही दोघी एकाच वयाच्या. मी तीन महिन्यांनी मोठी, म्हणून मला ताई म्हणायला मी तिला लहानपणापासून लावलं होतं. ती येण्याचं कारण असं, की लातूरला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं राहणं, जेवण, रोज दोन तास इंग्रजी, सगळं फुकट. आमच्या पट्ट्यातून मराठी शाळेत शिकलेली एकच मुलगी घेत. निवड तोंडी परीक्षेवर. परीक्षक एक इंग्रजी क्रियापद देत आणि ते बाराही काळांत चालवून दाखवायला सांगत. प्रत्येक काळात वाक्य मात्र आपलं स्वतःचं हवं. जागा एक आणि आम्ही दोघी. तिला घरातून त्याच जागेसाठी पाठवलं होतं, आणि मला तीच जागा हवी होती.

आमची तयारी विहारात चाले. वस्तीतले एक निवृत्त गुरुजी तिथं सुट्टीत रोज सकाळी इंग्रजी शिकवत. त्यांची एक पद्धत होती, एका दमात बारा काळ. श्वास घ्यायचा आणि तो संपायच्या आत क्रियापद वर्तमानातून भूतात आणि भूतातून भविष्यात नेऊन सोडायचं. आय वॉश, आय ॲम वॉशिंग, आय हॅव वॉश्ड, आय हॅव बीन वॉशिंग. चार झाले की एक टाळी. असे तीन डाव. वीस-पंचवीस मुलं एकदम म्हणत, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, आत कसलीतरी वंदना चालली आहे. गुरुजी पहिल्या वर्षी फक्त नियमित क्रियापदं घेत. म्हणत, "ही सरळ स्वभावाची मान्सं हायेत. शेवटी ई-डी जोडा, मागं जातेत. आय-एन-जी जोडा, कामाला लागतेत. वाकड्या स्वभावाच्यांच्या घरी पुढल्या वर्षी जाऊ."

एका दमात बारा काळ मी वस्तीत सगळ्यात लवकर म्हणायची. वाक्यं करायची वेळ आली की मी पत्रकांतून आणायची. वुई डिमांड, वुई आर डिमांडिंग, वुई हॅव डिमांडेड. वुई युनाइट. वुई मार्च. माझं म्हणून झालं की मला वाटायचं, आता टाळ्या पडतील. एकदा गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, जरा दम घे. मोर्चा लई मोठा हाय तुझा, पन त्यात एक बी मानूस दिसंना."

सगळी मुलं हसली. आतेबहीण हसली नाही, म्हणून मला तिचा जास्त राग आला.

तिला एका दमात बारा काळ कधीच जमले नाहीत. आठव्यालाच धाप लागायची. पण तिनं बाबांकडून एका बाजूनं कोरी असलेली जुनी पत्रकं मागून घेतली, मधून दुमडली, सुई-दोऱ्यानं शिवली आणि वही केली. एका क्रियापदाला एक पान. वॉश, वेट, बॉइल, कॅरी, क्लीन, वॉक. दुपारी घरातली सगळी आडवी झाली की ती उंबऱ्यात बसून लिही.

"काय करून राहिलीस गं?" मी विचारायची.

"काही न्हाई ताई. धुनं करून राहिले. इंग्रजीत."

एका संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले, चहा घेताना त्यांना ती वही दिसली आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतली. पान होतं वॉशचं. मी काल माझा युनिफॉर्म धुतला. मी आज तो धुते आहे. मी उद्या तो धुणार आहे. मी गेल्या वर्षापासून तो धूत आले आहे. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, इट इज वन युनिफॉर्म. बाबा खो खो हसले, मग तीच ओळ त्यांनी पुन्हा हळू वाचली. त्यांनी पान उलटलं. वेट. सकाळपासून मी बसची वाट बघत आले आहे. द कंडक्टर इज माय मामा, बट द बस इज नॉट हिज.

"आगं बाई," बाबा आत आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलीस का? कंडक्टर माजा मामा हाय, पन गाडी काई त्याची न्हाई!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हिला लिहिता येतंय, बघ."

मी भाजी निवडत होते. मेथीची पानं आणि काड्या मी एकाच ताटात टाकत गेले. सोळा वर्षं मी त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघायची वाट बघितली होती आणि ते निघालं तिच्यासाठी, तेही धुण्याच्या क्रियापदावरून. पुढचे आठ दिवस बाबा ते मामाचं वाक्य गाडीत प्रवाशांना सांगत होते. घरी येऊन म्हणत, "आज लोह्याचा एक मास्तर लई हसला." मला त्या अनोळखी मास्तराचाही राग यायचा.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा आत्याचा निरोप आला. पेरणीआधी रान साफ करायचं होतं, धसकटं, गेल्या पिकाचे बोचरे बुंधे, वेचायला माणूस नव्हतं. तिला जावं लागलं. वही तेव्हा गुरुजींकडं तपासायला होती. जाताना ती मला म्हणाली, "ताई, गुरुजींनी दिली की मामाच्या गाडीनं पाठव. मी अहमदपूरच्या स्टँडवर येऊन घेते." आमच्याकडं सगळं असंच जातं. शेंगा, औषधं, लग्नाच्या पत्रिका, सगळं बाबांच्या सीटखालून. गाडी अहमदपूरला दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात ज्याचं त्याला मिळतं.

दोन दिवसांनी गुरुजींनी मला बोलावून वही दिली. ते दुसऱ्या दिवशी मुलाकडं जाणार होते, दोन महिन्यांसाठी. वाटेत, पाण्याच्या टाकीजवळ, मी वही उघडली. पानापानावर लाल बरोबरच्या खुणा होत्या. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं : शाब्बास. मी परत आलो की ही वही तू वर्गात वाचून दाखवायची.

माझ्या वहीवर त्यांनी आजवर फक्त सही केली होती.

घरी आले, पेटी ओढली आणि पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये ती वही खुपसली. वहीच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंना पत्रकच होतं, पाण्याच्या मागणीचं. पत्रकांत पत्रक कोण शोधणार? रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "वही दिली का गुरुजींनी?" मी म्हणाले, "तपासायची राहिली म्हणे. आल्यावर देतो म्हणाले." तिचा फोन आला, आत्याच्या बटनाच्या फोनवरून, तेव्हा तिलाही तेच सांगितलं. तिनं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग ती म्हणाली, "बरं. त्यांना येळ नसल मिळाला."

मी स्वतःची समजूत तत्त्वानं घातली, हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. एका पट्ट्याला एकच जागा देणं हा अन्याय आहे, गरिबाच्या पोरींना एकमेकींशी झुंजवणारी ही व्यवस्था आहे, दोष तिचा आहे, असं मी मनात पत्रकच लिहिलं. त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. आणि रोज दुपारी, घरातली सगळी आडवी झाली की, मी पेटीतून वही काढून वाचत होते. बॉइलचं पान मला विशेष झोंबायचं. शाळा तपासायला साहेब येईपर्यंत माझ्या आईनं चहा तिसऱ्यांदा उकळलेला असेल. हे वाक्य मला का सुचलं नाही? चहा आमच्याही घरी उकळत होता.

परीक्षेच्या दिवशी आम्ही बाबांच्याच गाडीनं लातूरला गेलो. ती अहमदपूरला चढली, माझ्या शेजारी बसली. उन्हानं काळवंडली होती, बोटांना धसकटांचे चरे होते. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "वही आणलीस का गं ताई?"

"गुरुजी आलेच नाहीत अजून."

"असू दे. मला पाठच हाय की ती."

चाकूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. तिला वहीची गरजच नव्हती. दोघींत वहीची गरज होती ती मला.

वसतिगृहाच्या एका खोलीत एक मॅडम आणि एक सर बसले होते, दाराला पडदा, बाहेर बाक. माझा नंबर आधी, तिचा माझ्यामागून. मॅडम म्हणाल्या, "वॉश." मी एका दमात बाराही काळ म्हटले. त्यांनी मान डोलावली. "आता तुझी वाक्यं." धुणं या विषयावर माझ्याजवळ एकही घोषणा नव्हती. मी तोंड उघडलं आणि तिचा युनिफॉर्म बाहेर आला. काल धुतला, आज धुते आहे, उद्या धुणार आहे. इट इज वन युनिफॉर्म. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हसल्या, सरांकडं बघून पुन्हा हसल्या.

"तुझं तुला सुचलं?"

"हो मॅडम."

मग त्यांनी वेट दिलं. मी म्हणाले, द कंडक्टर इज माय फादर, बट द बस इज नॉट हिज. मामाच्या जागी बाप घातला आणि वाक्य माझ्या बाबतीत तिच्यापेक्षाही खरं झालं. चोरीचा माल अंगाला इतका बरोबर बसला, की क्षणभर मलाच वाटलं, हे माझंच होतं.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. ती आत गेली. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. मॅडमनी तिलाही वॉशच दिलं. ती हळूहळू बोलत होती, आठव्या काळाला तिनं श्वास घेतला. मग युनिफॉर्म काल धुतला, आज धुते आहे. ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली नाही.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "हे आत्ताच ऐकलं आम्ही. दोघी एकाच क्लासच्या का? कुणाच्या नोट्स पाठ केल्या?"

लातूरमध्ये हा प्रश्न पडणं साहजिक होतं. इथं गल्लोगल्ली क्लास आणि क्लासगणिक नोट्स. दोन मुलींच्या तोंडी एकच वाक्य आलं म्हणजे ते झेरॉक्सवाल्याकडून आलं असणार. त्यातली एक ते वाक्य जगत असेल, हे कुणाच्या मनात कसं येणार?

मी वाट बघत होते. आता ती सांगेल. मी ठरवलं होतं, तिनं सांगितलं तर मीही आत जाऊन सांगेन. पडद्याआड ती एवढंच म्हणाली, "हो मॅडम. एकाच वर्गातल्या हावत आम्ही." त्यानंतर तिला जे विचारलं ते तिनं सांगितलं, पण आवाज पडद्यापर्यंत आला नाही.

परतताना अहमदपूर जवळ आलं तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "ताई, युनिफॉर्मला त्या हसल्या का गं? तुझ्या येळेला?"

"हाव."

"लई?"

"पेन खाली ठेवून."

"मग चांगलंच हाय वाक्य," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उतरली.

जागा मला मिळाली. दोन वर्षं मी लातूरला राहिले, चांगलं शिकले, पुढं लिहायला लागले. माझी पत्रकं आता माणसं जपून ठेवतात. माझ्या लिहिण्यात माणूस दिसतो, असं कुणी म्हणालं की मी मान खाली घालते, आणि त्यांना तो विनय वाटतो. ती अहमदपुरात बीए झाली आणि गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवते. गुरुजी त्या वेळी परत आल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "वही पोचली का पोरीला? वाचायला येते म्हणाली का?" मी म्हणाले, "पोचली गुरुजी. तिला सवड नाही." दोन वर्षांपूर्वी ते वारले.

यंदा उन्हाळ्यात त्याच वसतिगृहातून मला बोलावणं आलं. नव्या मुलींना नियमित क्रियापदं शिकवायची होती. मॅडम आता थकल्या आहेत, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मुलींना सांगितलं, "हिचं एक वाक्य मी दर वर्षी तुम्हाला सांगते ना, युनिफॉर्मचं? ते हिचं." चाळीस मुली वळून माझ्याकडं बघायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या एकीच्या बोटांना धसकटांचे चरे होते.

मी म्हणाले, "ते माझं नाही. माझ्या आतेबहिणीचं आहे. मी तिची वही दडवली होती." आणि झालं ते सगळं सांगितलं. मॅडमनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "त्या पोरीला मी नोट्स विचारल्या होत्या." बाकी काही नाही. माझ्याकडं पाठ फिरवून बसून राहिल्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पेटीत? पत्रकांच्या पेटीत?" मी हो म्हणाले. त्यांनी स्वतः पेटी ओढली, वही काढली, तळाची ती छापील ओळ असलेली बाजू वर करून माझ्या हातात दिली. "माझ्या सीटखालून जायची न्हाई ही. तू घेऊन जा."

ती अंगणात मुलांना शिकवत होती. चार काळ, एक टाळी. मला बघून म्हणाली, "आगं ताई! सांगून तरी यायचं." मी वही पुढं केली. वरचं पान उघडून ती स्वतःच्या जुन्या अक्षराला हसली. मग लाल खुणा दिसल्या तशी तिची बोटं थांबली. शेवटचं पान तिनं दोनदा वाचलं.

"तपासली होती की गं त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटलं, आवडली नसल. म्हनून ठिवून घेतली असल, लाज नको वाटायला म्हनून." मग म्हणाली, "त्यांच्या मातीला आले होते मी. मागंच उभी राहिले. म्हनलं, आपन कुठं त्यांच्या ध्यानात असनार."

जागेबद्दल, परीक्षेबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. मी सगळं सांगून मागितलेल्या माफीला हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. एका मुलाच्या हातातलं पेन घेतलं, वहीत उरलेल्या एका कोऱ्या पानावर नवं क्रियापद घातलं, रिटर्न, आणि खाली लिहिलं. माझ्या ताईनं माझी वही परत केली. इट हॅड बीन वेटिंग लाँगर दॅन मी.

मी तिथं उभी होते, डोळे भरलेले, आणि पोटात तेच जुनं दुखणं उठलं. पुन्हा तिलाच सुचलं.

ते दुखणं जाईल असं मी म्हणत नाही. तुमच्याही पोटात असेल तर राहू द्या. पण हा कागद खाली ठेवायच्या आधी उठा आणि आपलं कपाट, आपली पेटी बघा. दुसऱ्या कुणाचं अक्षर असलेली वही, कुणाला पोचवायची राहिलेली शाबासकी सापडली, तर ती घेऊन आज त्या गावाच्या गाडीत बसा. कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः जा.